बिनपायांची लावणी

आभासी रंगमंचाच्या शिकवणीत रेश्माने चष्मा चढवून लावणी सुरू केली आणि गजाबापूंची ढोलकी थांबली.

"पोरी, तुला पाय नाहीत. मी ताल बघू कुठं?"

पडद्यावरच्या तिच्या आभासी देहाला कमरेखाली खरंच काही नव्हतं.

"पाय पुढच्या महिन्यात येतील," प्रशिक्षक म्हणाला, "पण आभासी महोत्सवासाठी फडांची निवड आजच आहे."

निवड हुकली तर फड मोडणार होता. गुडघ्यांपायी आठ वर्षं नाच सुटलेल्या, फडातल्याच वच्छीमावशीने चष्मा मागून घेतला. "मी बसून करते. बापू, भुवईकडं बघा."

निवडीच्या वेळी तिने भुवई उचलली, ढोलकी बोलू लागली आणि देशोदेशीचे प्रेक्षक जागेवरून पुढे सरकले. फड निवडला गेला.

निवडीनंतर भरायच्या अर्जात शेवटचा रकाना होता : पाय कधी हवेत?

"लिही," मावशी रेश्माला म्हणाली, "घाई नाही."