पाचवं बोट

तिसरं पान पार पडलं आणि सभागृहात चाळीस जणांनी एकदम श्वास सोडला. ह्याच पानावर प्लंबर गेल्या तीन वर्षांत तीनदा आपटला होता.

बंधुसभेत नवा माणूस आला की त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, एका सभासदाने दंडाला धरून त्याला दालनभर फिरवायचं आणि चालता चालता अख्खा उपदेश तोंडपाठ म्हणायचा. नऊ पानं. कोणी शब्द न सुचवता म्हटला, तर चांदीचं पदक. अकरा वर्षांत ते कोणाच्या छातीवर लागलं नव्हतं.

"लोकांच्या गळत्या काढतोस आणि तुझ्याच डोक्यातून शब्द गळतात होय रे?" असं न्हावी मागच्या खेपेला म्हणाला होता. आज तोच खुर्चीच्या कडेवर येऊन बसला होता आणि प्लंबरच्या शब्दांबरोबर त्याचे ओठ हलत होते.

सहावं पान. सातवं. आवाजाला धार चढली. ऐकणाऱ्यांचा सगळा जीव कानात गोळा झाला.

नववं पान. सहा ओळी उरल्या.

"वाटेत जो अडखळेल," प्लंबर म्हणाला आणि थांबला.

परीक्षक, म्हणजे निवृत्त हेडमास्तर, उजव्या हाताचं बोट पुस्तकातल्या ओळीखाली ठेवून बसले होते. त्यांनी डावा हात वर केला. एक बोट. पाच होईपर्यंत पुढचा शब्द आला नाही, तर प्रॉम्प्टरने तो सुचवायचा. सुचवला की पदक गेलं.

दोन.

"अरे, हे तर मलाही येतंय," न्हावी कळवळून पुटपुटला.

तीन. माना प्रॉम्प्टरकडे वळल्या. प्रॉम्प्टर म्हणजे प्लंबरचा सासरा, म्हातारा शिंपी. त्याची नजर पुस्तकात नव्हतीच. तो जावयाच्या हाताकडे बघत होता.

चार. शिंप्याने पुस्तक मिटलं.

पाच.

"त्याच्यापाशी थांबावं," प्लंबर शांतपणे म्हणाला आणि उरलेल्या ओळी धबधब्यासारख्या आल्या.

टाळ्या वाजवाव्यात की नाही, कोणालाच कळेना.

"पाच झाली होती," परीक्षक म्हणाले. "काका, शब्द का दिला नाहीत? जावई म्हणून?"

"विसरला असता तर दिला असता, मास्तर. विसरला नव्हता तो."

"मग गप्प का झालास रे?" परीक्षक प्लंबरकडे वळले.

प्लंबरने खाली बघितलं.

पट्टी सुटेपर्यंत नव्या माणसाने तोंड उघडायचं नसतं. पण नवा माणूस बेकरीवाला होता, आणि त्याला राहवलं नाही.

"गुडघे लटपटायला लागले होते माझे," तो भलत्याच दिशेला तोंड करून म्हणाला. "पडलोच असतो. मी सावरेपर्यंत ह्यांनी पाऊल उचललं नाही."

परीक्षकांनी पुस्तकात पाहिलं. बोट अजून त्याच ओळीखाली होतं. त्यांनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. चष्मा काढला.

"पदकाची डबी कुठे असते?"

अकरा वर्षांत कोणालाच ठाऊक नव्हतं. चाळीसच्या चाळीस जण कपाटं उघडायला धावले. शिंपीसुद्धा.

दालनाच्या मधोमध दोघेच राहिले. बेकरीवाल्याच्या डोळ्यांवर पट्टी तशीच होती, आणि त्याचा दंड अजून प्लंबरच्या हातात होता.