दलदलीनं राखलेली

"काका, चेहरा बघण्याआधी माझं ऐका," उपासना म्हणाली. पण दिगंबरकाकांनी ताडपत्रीचं टोक उचललंही होतं.

शॉमबर्गच्या घरून दीड तास ड्राइव्ह करून ते आले होते. दलदलीत चर खणताना मशीनला एक मुलगी लागली, लांब केसांची, अठरा-एकोणीसची, एवढं बातमीत ऐकलं आणि निघाले. अकरा वर्षांपूर्वी त्यांची प्रीता कॉलेजमधून घरी आलीच नाही. गाडी तेवढी सापडली होती, याच रस्त्याच्या कडेला.

मुलगी कुशीवर निजली होती. एक हात गालाखाली. अंग तांबूसकाळं, पण नखं शाबूत, ओठांवरच्या भेगासुद्धा दिसत होत्या. पापण्यांत पाणी अडकलं होतं. आत्ताच रडून झोपी गेली असावी तशी.

काका गुडघे टेकून बसले.

"ही माझी नाही," ते म्हणाले.

मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कोरोनरच्या ऑफिसात चार वर्षं काढलेल्या उपासनालाही कळेना, हा आवाज सुटलेल्या माणसाचा की खचलेल्या.

"नाही काका. गळ्यातल्या मण्यांवरून आर्किऑलॉजिस्ट म्हणाले, निदान हजार वर्षांपूर्वीची असेल. इथल्या मूळ लोकांपैकी. त्यांची माणसं उद्या येतायत, तेच तिला नेतील."

"हजार वर्षं? आणि कुजली कशी नाही?"

"हे शेवाळ आहे ना, त्याच्या पाण्यात आम्ल असतं. वर थंडी, आणि आत हवा जात नाही. जंतूंचं काही चालतच नाही. हाडं विरघळतात, पण कातडी, केस राहतात. कातडं कमावतात ना, तसं."

"म्हणजे जशी गेली, तशीच?"

"जवळजवळ," उपासना म्हणाली.

काकांनी ताडपत्री हलक्या हातानं पुन्हा पांघरली, अगदी खांद्यापर्यंत. मग आठवल्यासारखी चेहऱ्यावरूनही ओढली. उठून त्यांनी समोर पाहिलं. शेवाळाचा हिरवा-लाल पसारा नजर पोचेल तिथवर गेला होता.

"केवढी आहे ही दलदल?"

"चारशे एकर असेल. का?"

ते फळ्यांच्या वाटेवरून खाली उतरले. गाडीकडे नाही, आत. पायाखालचं शेवाळ गादीसारखं दबत होतं.

"काका, थांबा! ती जमीन नाहीये, पाण्यावर तरंगणारं शेवाळ आहे!"

ते वळले. त्यांच्या चेहऱ्यावर उपासनाला जे दिसलं ते दुःख नव्हतं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल गं, जागी होईल ती," ते म्हणाले, आणि पाय न वाजवता पुढं चालू लागले.

उपासना त्यांच्यामागं धावली. वारा अजिबात नव्हता. तरीही काकांच्या प्रत्येक पावलासरशी, दूरवरची बारकी झाडं एकेक करून डोलत होती.