हितेंद्रची मूठ

“उचलत नाही,” दिपमाला म्हणाली आणि तिने पुन्हा नंबर लावला.

टेबलापलीकडे लोटनआबा टोपी मांडीवर ठेवून बसले होते. मोबाइलचा आवाज मोठा केलेला होता. रिंग वाजत राहिली आणि वाजून वाजून बंद झाली. दाराशी बसलेल्या म्हाताऱ्यांनी ते ऐकलं आणि भलतीकडे पाहिलं.

ही दिपमालाचीच पद्धत. जळगावबाहेर, एरंडोल रस्त्यावरच्या या वृद्ध शुश्रूषा केंद्रात ती समाजसेवा विभागाची प्रमुख झाली, तेव्हा पहिलं काम तिने हेच केलं. दर सोमवारी घरच्यांना फोन लावायचा, तोही आईबापांच्या समोर, चारचौघांना ऐकू जाईल असा. लेकरांना लाज वाटली पाहिजे, असं तिचं म्हणणं. कित्येकांना वाटलीही. बाई कामाची होती, त्यात वादच नाही.

पण लोटनआबांचा सोनगीरला राहणारा मुलगा हितेंद्र काही बधत नव्हता. सुरुवातीला ‘येतो, येतो’ तरी म्हणायचा, हल्ली फोनच उचलेनासा झाला होता. इकडे त्याची आई, इंदिराबाई, आतल्या खाटेवर खंगत चालली होती. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की आता फार दिवस नाहीत. म्हातारीचा सगळा जीव त्या एका पोरात अडकलेला. त्याला एकदा तरी तिच्या उशाशी आणून बसवायचंच, असं दिपमालाने मनाशी घेतलं होतं.

“पुढच्या सोमवारी परत लावू, आबा. सोडणार नाही मी त्याला.”

“तुम्ही कशाला सोडाल,” आबा म्हणाले आणि टोपी घालून उठले.

त्याच आठवड्यात ते कुणाला न सांगता एसटीने सोनगीरला गेले. संध्याकाळी परतले ते थेट दिपमालाच्या खोलीत. चेहरा पांढराफटक पडलेला. वॉर्डातल्या बेबाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो नुसताच हातात धरून बसले.

“हितेंद्र गेला, ताई. हायवेवर. महिना झाला.”

“अहो, आणि तुम्हाला कळवलं नाही कुणी?” दिपमालाच्या अंगाचा तिळपापड झाला.

“कोण कळवणार? सून माहेरी निघून गेली. घराला कुलूप. बठ्ठं, सगळं उरकलं.” मग त्यांनी हात जोडले. “एवढंच करा. म्हातारीच्या कानावर जाऊ देऊ नका. आणि तो फोन आता लावू नका.”

दिपमालाला स्वतःचीच शरम वाटली. मेलेल्या माणसाला ती दर सोमवारी शिव्या मोजत होती! तिने नंबर पुसून टाकला. सगळ्या माणसांना बोलावून ताकीद दिली, की इंदिराबाईंसमोर अवाक्षर काढायचं नाही. बाप सांगतोय म्हटल्यावर पुढे विचारायचं तरी काय?

तेव्हापासून ती रोज खोटं बोलू लागली.

“हितेंद्र कव्हय येई व माय?” इंदिराबाई विचारायची.

“निंदणी उरकली की येतो म्हणालाय, अक्का.”

श्रावणात कानबाईचा सण आला. देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक जित्या पुरुषाच्या नावाने मूठभर गहू काढायचे, ही घराघरातली रीत. इंदिराबाईने हट्टच धरला. बेबाबाईने सुपात गहू आणून खाटेवर ठेवले आणि तिला पाठीमागून धरून बसवलं.

“हाई तुमनी,” नवऱ्याकडे पाहत तिने मूठ ताटात सोडली. “आनि हाई मना हितेंद्रनी.”

दिपमाला दचकली. मेलेल्याच्या नावाने कानबाईचे गहू! तिने आबांकडे पाहिलं. देवाधर्माला एवढा जपणारा माणूस, पण तो तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होता.

“आबा, हे चालतं का?” ती कुजबुजली.

“टाकू द्या तिला. तिचं काही चुकलेलं नाही.”

दिपमाला व्हरांड्यात जाऊन रडली. “केवढं काळीज आहे गं या माणसाचं,” ती बेबाबाईला म्हणाली.

रोट झाले आणि इंदिराबाईने अन्न सोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी श्वास लागला. डोळे सारखे दाराकडे. आबा पायाशी बसलेले, दिपमाला उशाशी.

“उना का?”

“निघालाय, अक्का. बसमध्ये बसलाय.”

थोड्या वेळाने पुन्हा तेच.

“पारोळा सोडलं, अक्का. आता पोचेलच.”

न निघालेली बस ती अशी पुढे पुढे आणत राहिली. बोलणं थांबवायची सोय नव्हती. मध्येच तिने आबांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, काहीतरी बोलायचं होतं बहुतेक. मग ओठ मिटले.

“एरंडोल आलं, अक्का,” दिपमाला म्हणाली. इंदिराबाईचे डोळे दाराकडेच उघडे राहिले.

बेबाबाईने ते मिटले. आबा रडले नाहीत. दिपमालाने त्यांचा हात हातात घेतला.

“झाली असेल हो आता मायलेकरांची भेट.”

आबांनी हात सोडवून घेतला.

बाहेर तिरडीची तयारी सुरू झाली. विभागातला कुंदन अंघोळ करून, पांढरा सदरा घालून दाराशी येऊन उभा राहिला. दिपमालानेच त्याला सांगितलं होतं.

“आबा,” ती हळूच म्हणाली, “अक्कांना अग्नी आमचा कुंदन देईल. लेकासारखाच आहे तुमच्या. चालेल ना?”

आबांनी कुंदनकडे पाहिलं, मग बायकोच्या चेहऱ्याकडे.

“पोटचा पोरगा जिता असताना परक्याने अग्नी का द्यायचा, ताई? बोलवा हितेंद्रला. ‘ती मेल्यावरच कळवा’ असं सोनगीरला तोंडावर म्हणाला मला, ते चारचौघांत फोनवर ऐकायचं नव्हतं. आता येईल तो.”