जानेवारीतली मोजणी

धारूरच्या डोंगरातल्या तळ्याचं पाणी महानगराला न्यायचं ठरलं, तेव्हा हरकती ऐकायला साहेब गावात आले. आराखडा पुढच्या पन्नास वर्षांचा. त्यात गावाच्या वाट्याला रोज एक टँकर.

"सहाशे माणसं हायेत, साहेब," बायनाबाई म्हणाली.

"जानेवारीत मोजली तेव्हा एकवीसच भेटली. बाकी घरांना कुलपं."

हिशोब चोख होता. कुलपांना तहान लागत नाही, एवढं बायनाबाईलाही कळलं.

"ऊसतोडीला गेलतो की आमी!"

साहेब हसले. "मावशी, निम्मं वर्ष गाव सोडता आणि पाणी बारा महिन्यांचं मागता! जाता कशाला दरसाल?"

"ह्या तळ्याचं पाणी आमच्या वावराला कधी मिळालंच न्हाई, म्हणून."