इतर आवाज

मॅडमची पेन्सिल एका वाक्यावर अडली.

"'अकरा मार्चनंतर वटवट्या बागेतून निघून गेला.' हे कशावरून?"

"त्यानंतर एकाही रेकॉर्डिंगमध्ये त्याचा आवाज नाही, मॅडम."

"मग तेवढंच लिही. ऐकू आला नाही. तो कुठे गेला, हे तुझ्या यंत्राला काय ठाऊक?"

ऑनर्सचा प्रबंध सोमवारी द्यायचा होता. मुलीने कागद गोळा केले आणि घर गाठलं.

वटवट्या म्हणजे मुठीएवढा पक्षी, पण नावाला जागणारा. रहदारी वाढली की तो पहाटे किती लवकर गायला लागतो, हे तिला शोधायचं होतं. रोज पहाटे ती बागेकडच्या खिडकीत यंत्र लावायची. दिवसभर कॉलेज, आणि संध्याकाळी हेडफोन लावून वहीत नोंदी. वहीतला शेवटचा रकाना होता 'इतर आवाज'. ट्रक, कुत्रा, शेजारचा पंप. आणि जानेवारीत पानोपानी बाबांचा खोकला.

"बाबा, पक्ष्यापेक्षा तुमचाच आवाज जास्त येतोय," ती एकदा करवादली होती.

"चुकलं, शास्त्रज्ञबाई," बाबा हसून म्हणाले होते.

फेब्रुवारीत रकान्यातला खोकला नाहीसा झाला. तिला हायसं वाटलं. आधीच ठरलेल्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे बाबांना तीच घेऊन गेली आणि मोठ्या ऐटीत तिने वही पुढे केली. तीन आठवडे, एकदाही खोकला नाही. बाबा शेजारी ओठ मिटून बसले होते. छातीचा फोटो लांबणीवर पडला. तीन महिन्यांनी तो काढला, तेव्हा वेळ हातातून गेली होती. पुढच्या महिन्यात बाबा गेले. आजार दबा धरून बसला होता, असं सगळे म्हणाले. तीही स्वतःची तशीच समजूत घालत आली होती.

आता वाक्य दुरुस्त करायला तिने वही उघडली. पानं उलटताना फेब्रुवारी समोर आला आणि ती वही घेऊन आईकडे गेली.

"आई, बाबांचा खोकला मधे थांबला होता ना?"

आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"थांबतोय कसला. तू यंत्र लावलंस की चपला घालून पार पुलापर्यंत जायचे. तिथे खोकून यायचे. पोरीचं वर्ष वाया जायला नको, म्हणायचे." आईने हातातला शर्ट पुन्हा उलगडला. तो बाबांचा होता. "डॉक्टरांना तू सगळं सांगितलं असशील, असं मी धरून चालले गं."

मुलगी पुन्हा वहीशी बसली. तिने पेन्सिल उचलली. मॅडमनी खूण केलेलं वाक्य तसंच राहिलं. फेब्रुवारीच्या पानावर तिच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'खोकला थांबला'. त्यावर तिने रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'ऐकू आला नाही'.