तिसरा कोर

मेरेडिथने पुन्हा तीच कमांड टाइप केली आणि एंटर दाबलं. पडद्यावर उमटलं, ‘कोर ३ सोडला’. तिसरा कोर जागचा हलला नाही.

“खोटारडा मेला,” ती टेबलावरच्या सर्किट बोर्डाला म्हणाली.

ऑस्टिनमधल्या त्या प्रयोगशाळेला खिडकी नव्हती. बाहेर टेक्ससचं ऊन भाजत होतं आणि आत ती स्वेटर घालून कुडकुडत होती. बोर्डावरच्या चिपमध्ये आठ कोर, म्हणजे हिशेब करणारे आठ वेगळे मेंदू. वीज दिली की पहिला एकटा उठतो. बाकीचे सात मेमरीतल्या आपापल्या ठरलेल्या जागेत पुन्हा पुन्हा डोकावत राहतात, तिथे कामाचा पत्ता दिसेपर्यंत. त्यांना एकेक करून कामावर सोडणारी कमांड मेरेडिथने रचली होती. ती आज संध्याकाळपर्यंत मंजूर झाली, तर सोमवारपासून तिची पोर्टलंडला बदली. नवरा आणि मुलगी हिवाळ्यातच तिकडे गेले होते. नाही झाली, तर थेट नाताळापर्यंत इथेच.

फोन वाजला. लेक होती, जोसी.

“आई, तुझा कॉम्प्युटर उठला?”

“नाही गं. लोळत पडलाय.”

“बाबा म्हणतो तू सोमवारी येणार. बाबा थापा मारतो?”

मेरेडिथने काहीतरी गोड बोलून फोन ठेवला. मग उठली, बोर्डाला तपासणीची केबल जोडली आणि बाहेरून थेट मेमरीत पाहिलं. तिसऱ्या कोरची जागा रिकामी होती! पत्ता लिहिला गेला होता, पण पहिल्या कोरच्या स्वतःच्या कॅशमध्ये, म्हणजे बाकीच्यांना न दिसणाऱ्या त्याच्या खासगी तात्पुरत्या साठ्यात. पत्र लिहून खिशातच ठेवावं तसं झालं होतं.

“लाइल! पत्ता मेमरीत पोचतच नाहीये!”

शेजारच्या टेबलावर लाइल ह्रुस्का बसायचा. साठीचा, विधुर. दुसऱ्या कुणीतरी तपासल्याशिवाय इथे कुणाचाही कोड मंजूर होत नसे, आणि हिचा तपासणारा तोच होता.

“कॅश मेमरीत उतरव,” तो मान वर न करता म्हणाला. “एकशे बाराव्या ओळीनंतर.”

मेरेडिथचे हात थांबले. त्याच्या पडद्यावर तिचा कोड उघडलेलासुद्धा नव्हता.

“तुला ठाऊक होतं.”

लाइलने चष्मा काढला, शर्टाला पुसला. “मंगळवारपासून.”

“अरे, मी इथे डोकं फोडून घेतेय, तिकडे पोरगी बापाला थापाड्या म्हणतेय, आणि तू शेजारी बसून सँडविच खात होतास?”

“रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. पण आठवायचं, तू गेलीस की या खोलीत उरणार मी आणि हे मशीनचे पंखे. आणि माझं तोंडच उघडायचं नाही.”

तिला रडू यायला लागलं, रागाने. त्याची कीवही आली आणि त्यामुळे राग आणखीच वाढला. तिने ती एक ओळ घातली, बोर्ड बंद करून पुन्हा चालू केला, कमांड दिली. पडद्यावर तिसऱ्या कोरने आपलं नाव लिहिलं.

“मंजुरी दे. आत्ता.”

लाइल वाचायला बसला. सवयीप्रमाणे सावकाश, पहिल्या ओळीपासून. ती त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. शेवटाला येऊन तो थांबला.

“सोडलेला कोर परत थांबवायची कमांड नाही केलीस?”

एवढं एक खुसपट काढलं की नाताळ पक्का.

“चिपमध्ये तशी सोयच नाही, लाइल. एकदा सुटला की सुटला.”

“मग कमांडसोबत दिसणाऱ्या मदतीच्या मजकुरात तसं लिही. सोडणाऱ्याला आधी कळलेलं बरं.”

तिने लिहिलं. लाइलने ती ओळ दोनदा वाचली आणि मंजुरीचं बटण दाबलं.