सोन्याचं लाल पाणी

सून मागच्या खोलीत सोन्याचं पाणी उकळून गरोदरपण तपासायच्या पट्ट्या बनवायची.

"सोन्याचं पाणी लाल? कुणाला शेंडी लावतेस?" सासूबाईंनी नाक मुरडलं.

"सोन्याचे बारीक कण एकसारखे नि सुटे राहिले की लालच दिसतं, आई. चिकटून गोळा झाले की निळं पडतं, मग पट्टीचा भरवसा नाही. आता पट्टी तपासायला नक्की ‘नाही’ येईल असा लघवीचा नमुना हवाय."

"तुझा आहेच की. नाहीतर घे माझा, माझी पाळी तर थांबलीच आता."

सासूबाईंच्या नमुन्यात बुडवलेल्या पट्टीवर दोन लाल रेघा उमटल्या.

"बिघडलंय तुझं पाणी," सासूबाई पुटपुटल्या.

सुनेने बाटली उजेडात धरली. निळ्याचा मागमूस नव्हता.

सासूबाई बोटांवर महिने मोजू लागल्या.

बाहेरून सासऱ्यांनी विचारलं, "काय गं, सूनबाईकडून काही गोड बातमी?"